मनोहररावांच्या फोनचा स्पष्ट आवाज

टेलिफोनमुळे दूरची माणसे जवळ येतात, हे विसाव्या शतकातले एक निर्विवाद सत्य आहे. जवळची माणसे किती जवळ येतात, याबद्दल मात्र शास्त्र गप्प आहे. नागपूरच्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, ती मनोहररावांच्या दिवाणखान्यापर्यंत येत, पंख्याखालची खुर्ची पकडत आणि 'आमचा फोन आला होता काय जी?' असे विचारून चहाची वाट पाहत बसत.

मनोहररावांनी फोनसाठी अर्ज केला तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट केस होते आणि ले-आउटमध्ये रस्ता नव्हता. नऊ वर्षांनी, म्हणजे चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत, फोन आला तेव्हा केस नव्हते. (रस्ता अजूनही नव्हता.) तोपर्यंत आम्हाला सर्वांत जवळचा फोन म्हणजे रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांचा. डॉक्टर सज्जन होते, पण त्यांचा फोन फक्त कोणी गेल्याचे कळवायला मिळत असे. त्यामुळे जिवंत माणसांविषयी आमच्या ले-आउटला पत्रानेच कळे.

फोन मंगळवारी आला. मनोहररावांच्या पत्नी कुसुमताईंनी त्याला हळदकुंकू वाहिले आणि तीन वर्षांपूर्वीच विणून ठेवलेला क्रोशाचा रुमाल पेटीतून काढून त्याच्यावर घातला. रुमालावर दोन पोपट होते. फोनसाठी कोपऱ्यात सागाचे स्टूल केले होते. भिंतीवरून उतरणारी तार तेवढी डोळ्यांत खुपत होती. म्हणून मनोहररावांनी त्याच दिवशी तारेवरून लांबीचा लगदा भरून भिंतीला गुलाबी हात मारून घेतला. तार दिसेनाशी झाली. या गोष्टीचे त्यांना इतके समाधान वाटले की येणाऱ्या प्रत्येकाला ते भिंत दाखवून विचारत, "सांगा पाहू, तार कुठून गेली?" कोणालाच सांगता येत नसे.

पुढच्या चार दिवसांत या फोनवरून चौतीस संभाषणे झाली. त्यांपैकी एकतीस 'फोन आला बरं का, फोनवरूनच बोलून राहिलो' या विषयावर होती. दोन चुकीचे नंबर लागले. (त्यांनाही ही बातमी देण्यात आली.) उरलेले एक कुसुमताईंच्या भावाचे, त्याने फोनवर विचारले की मी पाठवलेले पत्र मिळाले का.

बोलण्याची पद्धतही लगेच ठरून गेली. आवाज अंतराच्या प्रमाणात असावा, हे कोणी शिकवले नव्हते, पण रक्तातच होते. गावातल्या गावात फोन असेल तर बसून बोलावे. कामठीसाठी उभे राहावे. कन्हानसाठी उभे राहून दुसरा कान बोटाने बंद करावा. उमरेडसाठी एका हाताने खिडकीचा गज धरावा. मुंबईशी बोलायची वेळ आलीच तर शेजाऱ्यांनी पाळण्यातली मुले आधी परसात न्यावीत.

आणि आता पी.पी. नंबराविषयी. ही दोन अक्षरे मूळ कशाची, ते आमच्याकडे कोणालाच सांगता येत नसे. पण अर्थ सर्वांना पक्का ठाऊक होता. फोन शेजाऱ्याचा, नंबर आपला. ले-आउटमध्ये शेहेचाळीस प्लॉट. त्यांपैकी तीन रिकामे, एक स्वतः मनोहररावांचा, आणि एका घराशी त्यांचे सांडपाण्यावरून बोलणे बंद. उरलेल्या एक्केचाळीस घरांनी चार दिवसांत मनोहररावांचा नंबर आपापल्या पुतण्या-भाच्यांच्या नोकरीच्या अर्जांवर, लग्नपत्रिकांवर आणि एकाने तर शिवणकामाच्या दुकानाच्या पाटीवर लिहून टाकला. (सांडपाणीवाल्यांनीही लिहिला, पण शेवटचा आकडा रागाने चुकीचा लिहिला.)

यांत अग्रक्रम होता रुपरावांचा. रुपराव आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. त्यांची मुलगी प्रेमिला सत्तावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवी, आणि गणिताच्या बाईला स्थळ मिळत नाही असे तिच्या आईने, प्रयागबाईंनी, ठरवून टाकले होते. अशात उमरेडचे स्थळ चालून आले. मुलगा गिरिधर, कोळशाच्या खाणीच्या कचेरीत नोकरीला. वडील गणपतराव, हातमागाच्या लुगड्यांचे व्यापारी. मंडळी बघून गेली. जाताना गणपतराव बाहेरच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "येत्या रविवारी फोन करतो. फोन आला तर होकार समजा. नाही आला तर रामराम समजा."

रुपरावांनी नंबर देण्याआधी मनोहररावांना रीतसर विचारले होते. मनोहरराव छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "बिनधास्त द्या. माझा फोन म्हणजे माझा शब्द."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मनोहररावांना ते विसरता आले असते तर ही कथा इथेच संपली असती.

शनिवारपर्यंत दिवाणखान्यात इतकी माणसे येऊ लागली की मनोहररावांना नियमांची गरज भासली. ते एका कचेरीत रेकॉर्ड कीपर होते आणि तीस वर्षांच्या अनुभवाने त्यांचे असे मत झाले होते की कोणतीही वस्तू नियमांशिवाय सुरू करू नये, आणि नियम असतील तर ती सुरू नसली तरी चालते. माझे अक्षर बरे म्हणून पाटी मी रंगवली. मजकूर त्यांचा. तो असा:

१. टेलिफोन ही चैन नसून जबाबदारी आहे.
२. चपला बाहेर काढाव्यात. (हा नियम फोन करणाऱ्यांसाठी आहे. ज्याला फोन जातो त्याच्यावर बंधन नाही.)
३. फोनवरून फोनबद्दल बोलू नये.
४. वाईट बातमीस तीन मिनिटे, चांगलीस एक मिनिट.
५. फोनकडे टक लावून बसू नये.
६. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी तो कसा धरावा हे शिकवू नये.
७. फोनमध्ये बिघाड झाल्यास तो वापरणाराच्या हातून झाला असे समजण्यात येईल.

पाटी फोनच्या बरोबर वर लावायची ठरली. मनोहरराव स्टुलावर चढले. स्टूल मी धरले. त्यांनी भिंतीवर बोट टेकवून मध्य काढला, चार इंची खिळा ठेवला आणि तीन घावांत बसवला. तिसऱ्या घावाला फोन एकदाच 'टिण्' असे म्हणाला.

मनोहरराव खाली उतरले. रुमाल बाजूला केला. रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग तो त्यांनी माझ्या कानाला लावला. आत विहिरीसारखी शांतता होती.

"सांगा पाहू," मी विचारले, "तार कुठून गेली?"

त्यांनी खिळा काढून लांबी खरवडून पाहिली. तार मधोमध तुटली होती. जोडून पाहिली तर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. मग तोही थांबला. खरवडलेल्या जागेवर आम्ही पाटी लावली, कारण ती झाकायला दुसरे काही नव्हते. अशा रीतीने सातवा नियम भिंतीवर गेला त्याच क्षणी लागू झाला.

"तक्रार करून टाका," मी म्हणालो.

"तक्रार केली की माणूस येईन. माणूस आला की खिळा पाहीन. मंग कागदावर येईन की सबस्क्रायबरनं सरकारी तारेत खिळा मारला. तीस वर्षं झाली, लोकाइच्या फायलीत मी हेच लिहून राहिलो."

"आणि उद्या रविवार आहे. रुपरावांचा उमरेडचा फोन?"

मनोहररावांनी गुलाबी भिंतीकडे पाहिले. मग ते शांतपणे म्हणाले, "पहिली गाडी किती वाजता हाय?"

रविवारी सकाळी रुपराव आणि प्रयागबाई आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून फोनसमोर येऊन बसले. (नियम पाचचा भंग.) कुसुमताईंना दर अर्ध्या तासाने रिसीव्हर उचलून 'ट्रंकच्या लाइनी भरलेल्या हायेत' असे सांगण्याचे काम होते. ते त्यांनी असे केले की दुपारपर्यंत त्यांना स्वतःलाच लाइन मोकळी होण्याची काळजी लागली. मनोहरराव आणि मी मागच्या दाराने निघालो. मी कोणत्या नात्याने गेलो, असे कोणी विचारील. एक्स्टेन्शन म्हणून.

एस.टी.ने उमरेडला उतरून विचारत विचारत गणपतरावांच्या घरी पोहोचलो तेव्हा ते बाहेरच्या खाटेवर चिंतेत बसले होते. लुगड्यांच्या गठ्ठ्यांमागे गिरिधर उभा होता, गठ्ठे मोजण्याचे सोंग करीत.

"रामराम. मी मनोहरराव, नागपूरचा."

"कोण मनोहरराव जी?"

"ज्या नंबरावर तुम्ही फोन लावून राहिले, तो नंबर माझा."

गणपतरावांनी त्यांना खालून वर पाहिले. "सकाळपासून किराणावाल्याच्या दुकानात उभा हाओ मी. लागूनच नाई राहिला. मी म्हटलं, पोरीकडच्याइचं मन नसंन. कन्हानचं बी एक स्थळ हाय. पाचच्या गाडीनं त्याइले होकार पाठवनार होतो."

"लाइन लागत नव्हती म्हणूनच आलो. बोला."

"कोनाशी बोलू?"

"माझ्याशीच. जे फोनवर बोलणार होते तेच बोला. मी तिकडे जसंच्या तसं सांगतो."

"म्हंजे तुम्ही सोताच फोन."

"हो जी."

गणपतराव व्यापारी मनुष्य होते. माल समोर आहे, तर त्याचे नाव काय याने फरक पडत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ते उठले. टोपी सरळ केली. एका हाताने दाराची चौकट धरली, दुसऱ्या हाताचे बोट कानात घातले, आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या मनोहररावांना ओरडून म्हणाले, "हॅलो."

"हॅलो," मनोहरराव ओरडले.

"नागपूर काय?"

"नागपूर. बोला."

"मी उमरेडहून गणपतराव बोलतो. आवाज येऊन राहिला काय?"

"लय स्पष्ट येऊन राहिला."

"पोरगी पसंत हाय. देन्याघेन्याचं काई नाई. पन एक गोष्ट. पोरीनं नोकरी सोडली पाहिजे. आमच्या घरच्या बाया बाहेर नोकरी करत नाई. ऐकू आलं काय?"

"ऐकू आलं."

"ठेवू?"

"ठेवा."

गणपतरावांनी कानातले बोट काढले, खाली बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बसा ना जी. पानी घ्या. उन्हातून आले." मग आतून आलूबोंडे आले. कोणत्याही टेलिफोनला आजवर आलूबोंडा विचारला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "नोकरीचं काही बोलायचं होतं तुम्ही. मुलगी चांगली शिकवते."

"फोननं सोताचं मत देऊ नये," मनोहरराव म्हणाले. हा नियम पाटीवर नव्हता. तो बसमध्ये तयार झाला.

आम्ही मागच्या दाराने आत शिरलो तेव्हा चार वाजले होते. रुपराव अजून फोनसमोरच होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. कुसुमताईंनी आम्हाला पाहिले आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, "भाऊजी, दुधाकडे पाहत राह्यलं की ते वर येते काय? तसंच आहे हे. तुम्ही घरी जाऊन घोटभर चहा घ्या."

रुपराव उठले. ते घरी पोहोचले असतील नसतील, तोच मनोहररावांनी फाटकाशी उभे राहून हाक दिली, "रुपराव, उमरेड."

रुपराव, प्रयागबाई आणि प्रेमिला, तिघेही धावत आले. मनोहररावांनी निरोप सांगितला, जसाच्या तसा, 'आवाज येऊन राहिला काय'सकट. प्रयागबाईंनी डोळ्यांना पदर लावला. रुपराव म्हणाले, "नोकरीचं काय एवढं, सोडून देईन ती. लगेच लावा फोन, हो म्हणून सांगा."

मग प्रेमिला पहिल्यांदा बोलली. "काका, मलाच लावून द्या. मी बोलते."

मनोहररावांच्या डोक्यावर, जिथे नऊ वर्षांपूर्वी केस होते, तिथे घाम आला. "लाइन आता..."

पण तिने रिसीव्हर उचललाच होता. कानाला लावला आणि ती थांबली. मी तिच्याकडे पाहत होतो म्हणून सांगतो. आधी तिने फोनकडे पाहिले. मग पाटीकडे. पाटीच्या खालून डोकावणाऱ्या, लांबी खरवडलेल्या जागेकडे. मग मनोहररावांच्या पायांकडे, ज्यांवर उमरेडच्या रस्त्याची काळी धूळ होती. शेवटी त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडे, ज्यातून एस.टी.ची दोन तिकिटे बाहेर आली होती. गणिताच्या बाईंना उत्तर काढायला यापेक्षा जास्त आकडे लागत नाहीत.

तिने एका हाताने खिडकीचा गज धरला.

"हॅलो, उमरेड? मी प्रेमिला बोलते. हो. आवाज येतोय. तुमचा निरोप मिळाला. नोकरी मी सोडणार नाही. उमरेडला मुलींची शाळा आहे, तिथे बदली मागीन. घरचं सगळं करीन, पण नोकरी करीन. हे तुमच्या समोर बसून मला बोलता आलं नसतं, म्हणून फोनवर सांगते. आणि हे गिरिधररावांनाही सांगा, त्यांच्या मनात काय आहे तेही कळवा. पसंत असेल तर उद्या याच वेळेला फोन करा. ठेवते."

ज्या मुलीने बघायला आलेल्यांपुढे तोंडातून फक्त स्वतःचे नाव काढले होते, ती उमरेडच्या व्यापाऱ्याला अट घालून मोकळी झाली होती. रुपराव म्हणाले, "काय म्हणाले वं ते?"

"उद्या सांगतो म्हणाले," प्रेमिलाने रुमालाचे पोपट नीट करीत सांगितले. "काका, उद्या फोन येईल ना?"

मनोहररावांनी उद्याची किरकोळ रजा टाकली. कारण: 'घरगुती'. खरे कारण अर्जावरच्या छापील ओळीत मावण्यासारखे नव्हते.

सोमवारी उमरेडला मनोहररावांनी संपूर्ण निरोप ओरडून सांगितला, मध्येच 'आवाज येतोय' म्हणण्यासकट, आणि शक्य तितक्या बारीक आवाजात. गणपतराव ऐकत राहिले. तेवढ्यात गठ्ठ्यांमागून गिरिधर पुढे आला आणि मनोहररावांच्या कानाजवळ येऊन कुजबुजला. (हा लोकल कॉल धरावा.) "तिले सांगजा, मले बी नोकरीवालीच पाहिजे होती. बाबाले सांगायची हिंमत नाई झाली."

कुजबुज दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या गणपतरावांना व्यवस्थित ऐकू गेली. त्यांनी मुलाकडे पाहिले. मग मनोहररावांकडे, त्यांच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे, बराच वेळ.

"काहून गा," ते मुलाला म्हणाले, "घरात बसून तोंड उघडत नाई, अन् नागपूरच्या फोनात बोलतं?" आणि मग मनोहररावांना, "दोन दिवसांत दोनदा आपल्या पायानं येनारा फोन मी पाह्यला नाई जी. ज्या घरचा फोन असा हाय, त्या घरची पोरगी नाई म्हनू नये. करू द्या नोकरी."

ते उठले, टोपी सरळ केली, चौकट धरली आणि ओरडले, "हॅलो, नागपूर. मान्य हाय."

लग्न मे महिन्यात झाले. पंगतीत मनोहररावांना पाटावर मानाने बसवले आणि वरपक्षाकडून नारळ दिला. कोणत्या मानाचा, ते आहेराच्या वहीत लिहिताना अडचण आली. शेवटी 'फोन' असे लिहिले.

खिळा मारल्यापासून पुढचे आठ महिने हा फोन ज्या कार्यक्षमतेने चालला तिला तोड नाही. कोणी फोन करायला आले की मनोहरराव म्हणत, "लाइन भरलेली हाय. निरोप सांगून ठेवा, लागला की मी बोलून घेतो." मग कचेरीच्या आधी, नंतर आणि रविवारी ते बोलून घेत. येणाऱ्या फोनांसाठी, ज्यांच्याकडून फोन येण्याचा संभव होता अशा घरी ते आठवड्यातून एकदा स्वतःच चौकशी करून येत. माझ्याजवळ आकडे आहेत. एकूण निरोप त्रेसष्ट: गावात अठरा, कामठी बावीस (सायकलने), कन्हान चौदा, उमरेड नऊ. अर्ध्यावर तुटलेले कॉल: एकही नाही. चुकीचा नंबर: एक. (कन्हानला. तिथेच जेवून आले.) ज्याला फोन केला तो घरी नव्हता अशा प्रसंगी फोन त्याच्या ओट्यावर तो येईपर्यंत बसून राही. ही सोय फोनचा शोध लावणाऱ्यालाही सुचली नव्हती.

ले-आउटमध्ये बोलले जाऊ लागले की डॉक्टरांच्या फोनपेक्षा मनोहररावांच्या फोनवर आवाज फार स्पष्ट येतो. अगदी समोर उभे राहून बोलल्यासारखा. आठ महिन्यांत त्या घरातून एकदाही घंटी ऐकू आली नाही, हे एक्केचाळीस घरांच्या लक्षात कसे आले नाही? लक्षात न आल्याचे दाखवणे हा आमच्याकडे शेजारधर्म समजला जातो.

आणि मग दिवाळीच्या आधी, कोणीही न बोलावता, लाइनमन कवडू आला. बक्षिशी मागायला म्हणून आला आणि सवयीने रिसीव्हर उचलला. पाटी बाजूला केली. खिळ्याचे भोक पाहिले.

"हे कोणं केलं जी?"

"वापरणाराच्या हातून झालं," कुसुमताई म्हणाल्या आणि सातव्या नियमाकडे बोट दाखवले.

कवडू हसला. दहा मिनिटांत त्याने तार जोडली. चकल्यांचा पुडा घेतला आणि कागदावर काही लिहिले नाही. म्हणजे ज्या भीतीने एक प्रौढ मनुष्य आठ महिने विदर्भभर पायपीट करीत होता, ती भीती दहा मिनिटांची आणि एका चकल्यांच्या पुड्याची होती.

फोन सुरू झाला आणि ले-आउटवर अवकळा आली. तो वाटेल तेव्हा वाजू लागला. जेवताना वाजे. 'कोण बोलतंय' म्हणेपर्यंत बंद पडे. कोणाच्या तरी फोनमध्ये कोणाचे तरी बोलणे मिसळे. मुख्य म्हणजे निरोप नुसता निरोप येऊ लागला. पूर्वी फोनवरून मुलीची खुशाली कळत असे, शिवाय ती वाळली की भरली, सासूने समोर बसून बोलू दिले की नाही, पोराला दात आले का, हेही कळे.

चौथ्या दिवशी उमरेडहून प्रेमिलाचा फोन आला. मीही तिथेच होतो. रिसीव्हरमधून तिचा आवाज दूरच्या बोगद्यातून यावा तसा येत होता.

"काका, फोन दुरुस्त झाला वाटतं."

"झाला वं बाई. लाइनमन येऊन गेला."

"मला काही नीट ऐकू येत नाही. आधी छान ऐकू येत होतं." मग थोडी खरखर. "मागच्या वेळच्या फोनसोबत आईचं लोणचं आलं होतं. आणि सासूबाई विचारतात, फोन आता घरी येणारच नाही का? तो आला की त्या मला अर्धा तास समोर बसून बोलू देत. या किराणावाल्याच्या फोनवर त्या बाजूलाच उभ्या आहेत."

तीन मिनिटे झाली आणि लाइन तुटली.

मनोहररावांनी रिसीव्हर ठेवला. दुसऱ्या दिवशी ले-आउटचा अर्ज आला: आम्ही खाली सही करणारे विनंती करतो की फोनची पूर्वीची व्यवस्था जनहितार्थ पुन्हा चालू करावी. एक्केचाळीस सह्या. (बेचाळिसावी सांडपाणीवाल्यांची, यावेळी बरोबर.) पहिली सही रुपरावांची, ज्यांना 'काही माहीत नव्हते'.

मनोहररावांनी स्टूल मागितले. मी धरले. पाटी दोन बोटे डावीकडे सरकवायची होती. यावेळी त्यांनी मध्य काढला नाही, तार शोधली. दोन घावांत काम झाले.

याला आता दहा वर्षे झाली. फोनचे भाडे दरवेळी वेळेवर भरले जाते. रुमाल दर सोमवारी धुतला जातो. प्रेमिलाच्या मुलाच्या मुंजीच्या पत्रिकेवर मनोहररावांचाच नंबर आहे.

तुम्ही हसत असाल. हसा. पण 'फोन लावला होता, लागला नाही' हे वाक्य गेल्या महिन्यात तुम्ही किती जणांना ऐकवले, ते एकदा आठवून पाहा. आणि त्यांपैकी किती वेळा खरोखर फोन उचलला होता, तेही. आमच्या फोनने हे वाक्य आजवर एकदाही उच्चारलेले नाही.

या लेखावर अभिप्राय द्यायचा असेल तर माझा नंबर पी.पी. मनोहरराव असाच आहे. नंबर फिरवू नका. तुम्हाला काही म्हणायचे असेल असे वाटले की फोनच तुमच्याकडे येईल. तेवढ्यासाठी एक लहानशी विनंती. तो आला की आधी पाणी विचारा, आणि दारात चपला काढायला लावू नका. वाकले की त्याचे गुडघे दुखतात.